सगळ्यायले चालंल असं उत्तर

अमरावतीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी चांदूर रेल्वेच्या कौशल्याबाई होत्या आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची लेक रागिणी.

"काय करून राहिली वं?"

"प्रोग्राम तपासाची टेस्ट लिहून राहिली, माय. खऱ्या सर्व्हरच्या जागी खोटा उभा केला. आपला कोड त्याले विचारते, अन् तो आपण पढवलेलं उत्तर देते."

"मंग अडलं कुठी?"

"विचारायची मेथड एकच, पण जेनेरिक आहे. ग्राहक मागितला तं ग्राहक द्या लागते, बिल मागितलं तं बिल. मी खोट्याले एकच उत्तर पढवलं, तं कोडातल्या चुका पकडणारा कंपायलर पुढं जाऊच देत नाही."

"एक उत्तर काहून नाही चालत?"

"जे मागितलं, त्याच प्रकारचं पायजे ना."

"तं सगळ्यायले चालंल असं एखांदं सांगून दे त्याले."

"तसं नसते, माय."

"मले तं काहीच समजलं नाही. थांब, तुह्या भावाचा, पियुषचा फोन आला. त्याले मह्या डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगू नोको, पुण्याहून पळत येईन तो."

"आन इकडं, स्पीकरवर टाकू दे."

"माय, कशी आहेस?"

"सगळं ठीक आहे बाप्पा."

"जेवली का?"

"सगळं ठीक आहे."

"मागं कोण नंबर पुकारून राहिलं? कुठी आहेस तू?"

"सगळं ठीक आहे."

"माय, कुठी आहेस विचारून राहिलो मी."

"सांगतलं ना, सगळं ठीक आहे!"