विमान का वळलं

ताडगोळे खायचे तर बसा खुशाल, पण विमानाचं मला विचारू नका. मी काय बघितलं नाही. अख्ख्या चिखले गावानं हेच सांगितलंय — पोलिसांना, टीव्हीवाल्यांना, चौकशीच्या साहेबांना. आणि तुम्ही टूरिस्ट ना? टूरिस्ट फोटो काढतो, पाण्यात पाय घालतो. तुम्ही आल्यापासून त्या खडकांकडेच बघताय. विमानाच्या कंपनीचे आहात का? नाही? मग कोणाचे? — खा हो, खा, कोवळे आहेत, सकाळीच उतरवलेत.

काय? नवरा? त्या पायलटबाईचे? हे बघा, मागे एक जण तिचा भाऊ म्हणून आला, बसला, गोड गोड बोलला, आणि निघाला विम्याचा माणूस. फोटो ठेवा आत, फोटो काय कुणीही दाखवेल. तुम्ही सांगा, पाय कुठला मोडला तिचा? — दोन्ही. हं. ते पेपरात आलं होतं. नाव शितल, ते पण आलं होतं.

चौकशीत काय म्हणतात ते येतं आमच्या कानावर. ओहोटी होती, वाळू सपाट, कडक, कुणी माणूस नाही, विमान सरळ उतरलं असतं — बाई घाबरली आणि खडकात घातलं. असंच ना? लायसन जाणार म्हणे. जाऊ दे, आपल्याला काय! — असं बघू नका माझ्याकडे. घाबरलेला माणूस असा वळवत नाही, एवढं मी पण सांगते. आधी सरळ वाळूवरच येत होती ती. आवाज नाही काही — इंजिन बंद पडलेलं, घारीसारखं नुसतं तरंगत येत होतं, म्हणून तर कुणाला कळलं नाही, त्यात त्या ट्रॅक्टरची घरघर — म्हणजे रस्त्यावरून कुठला तरी जात असेल. मला काय माहीत.

काय म्हणालात? परत बोला. बाळ घेतलेली बाई? शितलबाई रोज हेच सांगते? आणि डोक्याला मार लागला, भास झाला म्हणतात तिला?

हे कुठल्या पेपरात नाही आलं. हे तिला ठाऊक आणि मला. पहिली मीच पोचले ना तिथे. गुडघाभर पाणी, बाई पट्ट्यात अडकलेली, तोंडात वाळू, रक्त — आणि मला विचारते काय, "ती बाळवाली बाई सुटली का?" स्वतःच्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "सुटली गं, सुटली." तेव्हा कुठे डोळे मिटले तिनं.

भास कसला! रविना होती ती, माझी सून. कडेवर माझी नात. नितीनला जेवण घेऊन गेली होती. नितीन माझा मुलगा — इथेच किनाऱ्यावर रेती भरत होता, चोरीची, हो, चोरीचीच, आणि ट्रॉली रुतली म्हणून सगळे मागून ढकलत होते. कुणाची मान वर नाही. रविनानं विमान बघितलं आणि जागच्या जागी थिजली. मी इथून ओरडतेय, पण वारा उलटा. आणि विमान एकदम एका बाजूला कलंडलं, गेलं खडकांकडे. समोर एवढी वाळू असताना वळवलं तिनं. विचार करायला वेळ तरी कुठे होता? आणि आम्ही? अँब्युलन्स यायच्या आत ट्रॅक्टर वाडीत, खुणा भरतीनं पुसल्या, आणि कुणी काही बघितलं नाही. रविना तेव्हापासून नीट जेवत नाही हो. पोरीला घट्ट धरून बसते नुसती.

नवराच असाल तुम्ही. नसाल तरी आता काय, बोलून बसले मी. नितीनला आत टाकतील, ट्रॅक्टर जाईल — बघा हं, मला फसवू नका. चौकशीला कुठे यायचं, डहाणूला? — येईन. रविनाला पण आणीन. ती नाही म्हणणार नाही.

थांबा, गप्प. बाईक वाजतेय, नितीनच आहे. नको, तुम्ही त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. त्याला मी सांगणार, माझ्या तोंडानं, तुम्ही समोर नसताना. पैसे राहू देत. उठा. उठा म्हणते ना!