व्यसनी क्रमांक एकशे बारा

बाई : ओरडून काही होत नाही, मास्तर. वहीत तुमचं नाव आहे म्हणजे आहे. व्यसनी क्रमांक एकशे बारा.

मास्तर : अहो, पण मी व्यसनी नाही! मी चहासुद्धा अर्धा कप घेतो.

बाई : दारूबंदी कचेरीत येऊन असं सांगणारे तुम्ही पहिले नाही. पण परवाना मागितलात तुम्हीच. हा बघा अर्ज. ‘वय छत्तीस. गेली पंधरा वर्षं रोज पितो. न मिळाल्यास जिवाला धोका.’ सही तुमचीच ना? अक्षर तर काय, फळ्यावर लिहिल्यासारखं सुंदर!

मास्तर : डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिलं. पंधरा वर्षांच्या खाली परवाना देत नाहीत म्हणाले.

बाई : आणि खाली त्यांनी शेरा मारलाय, ‘हात थरथरतात.’

मास्तर : आयुष्यात पहिल्यांदा लेखी खोटं बोलत होतो, थरथरणार नाहीत तर काय?

बाई : बरं, एवढी तीन वर्षं गप्प होतात. आजच नाव का काढायचंय?

मास्तर : चार वाजता दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष वही तपासायला येणार आहेत ना?

बाई : हो, नवे आहेत, पहिल्यांदाच येतायत. अगदी नावावर बोट ठेवून वाचतात म्हणे. तुम्हाला त्यांचं काय?

मास्तर : त्यांच्या मुलीशी माझं लग्न ठरतंय. रविवारी पक्कं करायचंय.

बाई : अगं बाई! सगळं गाव सोडून व्यसन्याला नेमकी अध्यक्षांचीच मुलगी मिळाली?

मास्तर : हसू नका हो.

बाई : हसत नाही. म्हणजे हसतेय, पण वाईटही वाटतंय. खरं सांगा, दर महिन्याची बाटली जाते कुठे?

मास्तर : आत्याला लागते.

बाई : तुमच्या आत्याबाई? त्या शिवणकाम करतात त्या? माझे परकर शिवलेत त्यांनी!

मास्तर : हळू बोला. मला तिनंच वाढवलं. तिचा नवरा खाणीत दगावला, तेव्हापासून संध्याकाळी दोन चमचे घेते. दोनच. तिसरा कधी घेतला नाही. बंदी आली आणि तिची झोप उडाली. शिवताना सुई बोटात घुसायला लागली, तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. तिच्या नावावर परवाना मागितला तर तुम्हीच फॉर्म परत केलात.

बाई : मी काय करणार? नियमात ‘पुरुष’ लिहिलंय. बायकांनाही घ्यावीशी वाटते, हे आपल्या कायद्याला अजून कुणी कळवलेलंच नाही.

मास्तर : कसला हा कायदा!

बाई : कायद्याला नावं ठेवू नका, त्याच्यावर माझं घर चालतं. मी नोकरीला लागले तेव्हा बंदी फक्त पगाराच्या दिवशी होती. लोक आदल्या दिवशी उधारीवर प्यायचे. मग आठवडाभर बंदी केली, तर हद्दीपलीकडे जाणाऱ्या गाड्यांत उभं राहायला जागा मिळेना. मग सगळीकडे केली. त्यावर मोठे साहेब एकाएकी आजारी पडायला लागले, म्हणून आजाऱ्यांना सूट. मग परदेशी पाहुण्यांना सूट. मग खोकल्याच्या औषधावर बंदी, कारण भर उन्हाळ्यात अख्ख्या गावाला खोकला झाला. आता बंदी म्हणजे काय, तर कुणाकुणाला मिळते त्याची ही वही.

मास्तर : त्या वहीतून मला सोडवा की!

बाई : सोडवते. ‘नजरचुकीने नोंद’ असा शेरा मारते आणि नाव खोडते. एवढा अधिकार आहे मला. पण एकदा खोडलं की परवाना रद्द. या महिन्याची बाटलीसुद्धा नाही.

मास्तर : पुढच्या महिन्यात परत अर्ज केला तर?

बाई : खोडलेल्या माणसाला पुन्हा व्यसनी होता येत नाही. करू का? चार वाजत आलेत. बोला लवकर.

मास्तर : थांबा.

बाई : पेन उघडलंय मी.

मास्तर : नका खोडू. राहू दे. लग्नाचं काय व्हायचं ते होईल.

(अध्यक्ष आत येतात. हातात छत्री आणि चष्म्याची डबी.)

अध्यक्ष : बाई, वही काढा. अरे, मास्तर! तुम्ही इथे कसे?

मास्तर : एकशे बारा नंबर बघा. शोधत बसू नका, मीच सांगतो.

अध्यक्ष : एकशे बारा... हे तुम्ही? तुम्ही पिता?

मास्तर : हो. रोज. पंधरा वर्षं.

अध्यक्ष : कोणती?

मास्तर : ती... तांबूस असते ती.

अध्यक्ष : चव कशी लागते?

मास्तर : गोडसर. पोटात गेली की थंडगार वाटतं.

बाई : अरे देवा.

अध्यक्ष : गोडसर! थंडगार! मास्तर, तुम्ही सरबत पिता. कुणासाठी नेता ही बाटली?

मास्तर : माझ्यासाठीच. दुसऱ्या कुणाचं नाव मी घेणार नाही.

अध्यक्ष : घरात तुम्ही आणि आत्याबाई. तिसरं माणूस नाही.

मास्तर : तिला एक शब्द बोलायचा नाही! लग्न मोडलं तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण तिला बोलू नका.

बाई : साहेब, म्हातारी दोनच चमचे घेते हो.

अध्यक्ष : बाई, मघाशी जिन्यात तुमचं हसणं ऐकलं मी. या कायद्यावर कुणी हसलेलं मला सोसत नाही. माझी आई गल्लीतल्या बायका घेऊन नऊ दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसली होती, तेव्हा तो आला.

बाई : ठाऊक आहे साहेब. तुमच्या वडिलांपायी.

अध्यक्ष : सगळ्यांना असंच वाटतं. वडील सुपारीचं खांडही खात नव्हते. ती माझ्यापायी बसली होती. अकरा वर्षं प्यालो मी. चव म्हणून विचारली मास्तरांना. कायदा झाला त्या संध्याकाळी तिनं मला पुन्हा घरात घेतलं.

मास्तर : मला माहीत नव्हतं.

अध्यक्ष : मुलीला माहीत आहे. तिच्यापासून काही लपवलेलं नाही.

बाई : मग साहेब, हे नाव ठेवू की खोडू?

अध्यक्ष : ठेवा. आईनं कायदा माझ्यासाठी मागितला होता, शिवण शिवून पोर वाढवणाऱ्या बाईची झोप मोडायला नव्हे. घरी मी सांगतो.

मास्तर : काय सांगाल?

अध्यक्ष : की मुलगा वहीत व्यसनी आहे, आणि त्याला धड खोटंही बोलता येत नाही. रविवारी आत्याबाईंना घेऊन या.

मास्तर : येऊ? खरंच येऊ?

अध्यक्ष : या. आणि त्यांना देता कशी? पाण्यातून?

मास्तर : नाही, चमच्यानं. तशीच.

अध्यक्ष : कोमट पाण्यातून देत चला. तशीच फार जळते घशात.