ठिणगी जरा उशिराच

...नाही, पण तुम्हीच सांगा, ठणठणीत झालेली गाडी पुन्हा बिघडवून मागणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नाही ना? मग बघून घ्या, समोरच उभा आहे!

तुम्हाला सांगतो, गाडी बाबांची. म्हातारी. तिच्यात डिस्ट्रिब्यूटर नावाचं एक टोपीवालं प्रकरण आहे. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते त्याच्या हातात. इकडे फिरवलं की लवकर, तिकडे फिरवलं की उशिरा. मेकॅनिक लोक ते दिवा मारून, खूण बघून बसवतात. आमचे बाबा? कानाने! स्वतः बॉनेटमध्ये अर्धे गडप, आणि मी, चाळिशीचा घोडा, आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय. "अजून जरासं..." अहो बाबा, झालं की! "तुला काय कळतंय? इंजिनाला घाई करू नये. अजून जरासं..." आणि त्या जराशा-जराशात ठिणगी इतकी उशिरा पडायची, की चढावर गाडी धापा टाकायची, पेट्रोल ढोसायची, आणि गल्लीच्या वळणावर पाय उचलला रे उचलला की सायलेन्सरमधून फट्, फट्, फटाक! शेजारीण खिडकीतून, "आला वाटतं तोफखाना!"

मग बाबा गेले. गाडी बरेच दिवस उभीच होती. शेवटी ढकलत ढकलत मेकॅनिककडे नेली. त्याने दिवा मारला, नाक मुरडलं, "कुठल्या शहाण्याने बसवलंय हे?" म्हटलं, आमच्याच घरातल्या. त्याने सगळं खुणेवर आणलं, आणि काय सांगू, चालू आहे का बंद तेच कळेना! खुशीत घरी आलो... तर दार बंद!

अहो, आमचं दार गाडी आल्यावर बंद? फटाक झालं की आई हात पुसत दार उघडून उभी, इतकी वर्षं! बेल मारली. "कोण आहे?" अगं, मी! दार उघडून माझ्यामागे बघत म्हणाली, "ही कुणाची?" अगं, आपलीच, नीट केली! "हो का," म्हणाली, "छान झाली." आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो हो. त्या दिवशी गाडीत जाऊन बसलो आणि रडलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकसमोर हजर. पुन्हा बिघडव! "साहेब, बरे आहात ना?" बिघडव म्हणतो ना! तो बॉनेटमध्ये, मी आत... आणि माझ्याच तोंडून, "अजून जरासं..."

वळणावर पाय उचलला. फट्, फट्, फटाक! दार उघडं! आई उभी, हात ओले. मला बघून चेहरा उतरला... उतरणारच हो! बाबा नाहीत हे तिला काय माहीत नव्हतं? पण तो आवाज... "तू होय," म्हणाली. "ये. भूक लागली असेल."

आता गाडी धापा टाकते, पेट्रोल ढोसते, शेजारीण शिव्या घालते. मेकॅनिक दिसला की हात जोडतो, "साहेब, नीट कधी करायची?" मी म्हणतो, करू रे... चालू दे अजून जरासं.