डोंगरावरच्या दवाखान्याची वाट

सन्माननीय अध्यक्ष, संचालकसाहेब, नवी पद्धत उभी करणाऱ्या आमच्या मुख्य अभियंता मॅडम, सहकारी मित्रहो, आणि पहिल्या रांगेतून 'आटोपतं घ्या' अशी खूण करणाऱ्या माझ्या सौभाग्यवती,

निवृत्तीच्या निमित्ताने का होईना, एवढं कौतुक ऐकायची मला सवय नाही. घरी तर मुळीच नाही.

मॅडमच्या पद्धतीला नावं ठेवायला मी उभा नाही. पूर्वी डेटा कोणत्या वाटेने न्यायचा, हे आम्ही हाताने लिहून ठेवायचो. आता यंत्रणा रहदारी बघून आपली आपण शिकते. शहरात तिने कमाल केली, खोटं कशाला बोलू? पण जिथे वर्दळ नाही ती वाट ती विसरून जाते. डोंगरावरच्या दवाखान्यातून आठवड्याला एखादाच हृदयाचा आलेख येतो. मागच्या वर्षी एका रंगाऱ्याचा आला, तेव्हा वाट शोधायला तिला चाळीस मिनिटं लागली. इथल्या, शहरातल्या डॉक्टरांनी औषध कळवलं, तोवर माणूस गेला होता.

तेव्हापासून रोज सकाळी मी तिथल्या सिस्टरना निरोप पाठवतो. चहा झाला का? झाला, तुमचा? एवढंच. तेवढ्याने वाट जागी राहते. यंत्राने आपोआप धाडलेले निरोप ती वर्दळीत धरत नाही, म्हणून माणूसच लागतो. दोन म्हाताऱ्यांच्या गप्पांवर दवाखाना चाललाय म्हणा ना. हसा, मीही हसायचो.

ती वाट हाताने कायमची लिहून द्या, असे सात अर्ज केले. एकाला सूट दिली की सगळेच मागतील, हे उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी. माझी जागाही आता भरणार नाहीत. मित्रहो, माझ्यामागे रोज निरोप पाठवाल का, असं तुम्हालाही विचारलं, तुम्ही 'हो हो, त्यात काय' म्हणालात. मध्यंतरी मी तीन दिवस तापाने पडलो होतो, तेव्हाही म्हणाला होतात. तिन्ही दिवस निरोप गेला नाही. रागावलो नाही. कामाच्या रगाड्यात राहून जातं, पुढेही राहील.

आज सकाळी सिस्टरनी विचारलं, "उद्यापासून कोण?"

मी लिहिलं, "आहेत आमची माणसं."

"बरं झालं. जीव टांगणीला लागला होता माझा."

आपण सारे वेळात वेळ काढून आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सिस्टरची माफी मागायची राहिली. तिथे फोन लागत नाही, आणि माझा संगणक दुपारीच काढून नेला.