कळशीवरचं नाव

तुम्ही निकेल चढवलेली पितळी कळशी कधी पाहिलीय? केंदूरला आमच्या घरी एक आहे, पण तिचा विषय निघाला की माझा थोरला भाऊ उठून बाहेर जातो.

त्याचं असं झालं. दादा तेव्हा सणसवाडीला प्लेटिंगच्या कारखान्यात होता. आई रोज चिंच लावून कळशी घासायची आणि तिची बोटं पार चिरून जायची. दादा म्हणाला, "आई, हिच्यावर निकेल चढवून आणतो. मग काळी पडायची न्हाई, नुसती पुसली की झालं."

कळशी आली ती आरशासारखी. आम्ही सगळे वाकून आपापलं तोंड बघत होतो. आई मात्र कळशीच्या गळ्याभोवती अंगठा फिरवत राहिली.

"आरं, हितलं नाव कुठं गेलं?"

"निकेल नीट बसाया आधी वरनं घासून गुळगुळीत करावं लागतं," दादा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

आईचं माहेरचं नाव हौसा. आजोबांनी लग्नात कळशी देताना ते कोरून घेतलं होतं. सासरी आल्यावर तिची लक्ष्मी झाली, आणि हौसा राहिली ती फक्त त्या कळशीवर.

दुसऱ्याच दिवशी दादा नाव कोरणाऱ्याला घेऊन घरी आला. "हौसाच घालायचं ना, आई?" त्यानं विचारलं.

आई म्हणाली, "लक्ष्मी घाल बाबा. हौसा म्हणून हाक मारणारं आता कोण ऱ्हायलंय?"