टिपणीसांनी न लिहिलेला पेपर

...नाही हो, नाही लिहिला! आता शपथ तरी कुणाची घेऊ? तुम्हाला सांगतो, कल्याणच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, गवत हा माझा विषय, टिटवाळ्याच्या माळावरचं साधं गवत, गुरं खातात ते! आणि रिटायर होऊन जरा टेकतोय तर फोन, ‘टिपणीस सर ना? मी अंतरा, विठ्ठलवाडीहून बोलतेय, पीएचडी करतेय, सर, तुमचा तो ठाणे खाडीतल्या तिवरांच्या मुळांवरचा पेपर हवा होता, कुठेच मिळत नाहीये.’ मिळेल कसा? तो पेपर मी लिहिलेलाच नाही! तिवरं, म्हणजे ती खारफुटी! खाडीतला चिखल! अहो, मी गटार ओलांडताना पायजमा वर धरणारा माणूस! तर ती म्हणते, ‘सर, किती साधे हो तुम्ही!’

मग नागपूरहून फोन, गुवाहाटीहून मेल... एक गृहस्थ तर चिडलेच, ‘ज्ञान असं दडवून ठेवू नये सर, वर घेऊन जाणार आहात का?’ काय दडवू? असेल तर दडवीन ना! नेटवर शोधलं, तर पेपर नाही, पण हवाले मात्र ढिगाने! टिपणीस, २०१४. एकाने दिला, दुसऱ्याने त्याचा उचलला, तिसऱ्याने दुसऱ्याचा... मूळ पेपर उघडून बघावा असं एकालाही वाटू नये? गवतावर खरंखुरं लिहिलं ते कुणी हुंगलं नाही, आणि न लिहिलेल्याने मी जगप्रसिद्ध!

घरी तर विचारू नका. मंदाकिनी, आमची सौ., म्हणते, ‘अहो, लिहिला असेल तुम्ही. गॅस चालू ठेवून फिरायला जाता, ते तरी कुठे आठवतं?’ मुकुलने, म्हणजे मुलाने, परस्पर ठाण्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतली. विस्मरणाचे डॉक्टर! ते विचारतात, ‘आज वार कोणता?’ सांगितला. ‘शंभरातून सात वजा करत चला.’ चाललो. ‘मग प्रॉब्लेम काय आहे?’ तर मुकुल हळूच, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ‘स्वतः लिहिलेला पेपर आठवत नाही त्यांना...’

हसू नका हो. परत येताना रिक्षात माझी मलाच भीती वाटायला लागली. लिहिला असेन का? आणि हे विसरलो, तर आणखी काय काय विसरलोय? घरी येऊन माळ्यावरचे सगळे खोके उपसले. गवत, गवत आणि गवत! त्या पसाऱ्यात बसून रडायचा तेवढा बाकी राहिलो. तो पेपर मी लिहिलेला नाही, हे मला स्वतःलाच समजावून सांगायची पाळी आली!

अशात एक दिवस ती अंतरा घरीच आली. डोळे सुजलेले. ‘सर, खरंच नाही लिहिलात?’ ‘नाही गं बाई!’ तिने प्रबंधाचा गठ्ठाच माझ्या पुढ्यात ठेवला. झालेलं काय, तर तिचे गाईड, कोणी सौमित्र सर, त्यांनी एआयकडून संदर्भांची यादी मागवलेली. आणि त्या यंत्राचं असं आहे, माहीत नसलं तर ते गप्प बसत नाही हो, रचून देतं, आणि मागेल त्याला तेच देतं! खाडी खरी, माणूस खरा, पेपर खोटा! ‘सर, अख्खं चौथं प्रकरण त्यावर उभंय. मी वाचल्यासारखं लिहून मोकळी झालेले. आता गाईड म्हणतात, राहू दे गं, कोण बघतंय?’

‘मी बघतोय ना! जिवंत आहे अजून!’

पण पोरगी धीराची. स्वतःहून विद्यापीठाला कळवलं, प्रकरण मागे घेतलं. पीएचडी लांबली, गाईड बोलेनासे झाले. मग मलाच राहवेना. म्हटलं, चल, आपण मोजू मुळं! ह्या वयात गुडघाभर चिखलात उतरलो, एक चप्पल खाडीला अर्पण, आणि मंदाकिनी काठावरून ओरडतेय, ‘अहो, आता तरी काही आठवतंय का?’ अख्खा हिवाळा मोजत होतो. शब्दन्‌शब्द आमचा आम्ही लिहिला, इंग्रजी तपासायला एआयची मदत घेतली ती शेवटी स्पष्ट नोंदवली, आणि दिला पेपर एका जर्नलला पाठवून.

परवा उत्तर आलं. परीक्षकाला लेखकांची नावं दाखवत नाहीत, त्यामुळे गृहस्थ अगदी मोकळेपणाने लिहितात, ‘लेखकांचा अभ्यास कच्चा दिसतो. यांचे निष्कर्ष टिपणीस, २०१४, यांच्या बरोब्बर उलट आहेत. आधी टिपणीस वाचावेत.’

टिपणीस वाचावेत! अहो, तो पेपर मी लिहिलेलाच... कळवलं, संपादकांना तेही कळवलं. ते म्हणाले, पुरावा जोडा. न लिहिल्याचा पुरावा! कुठून आणू? त्याची झेरॉक्स काढू?

अंतरा विचारते, ‘सर, मग उत्तर काय लिहू?’

म्हटलं, ‘लिही बाई... टिपणीस माणूस बरा आहे, पण तिवरांतलं त्याला काही कळत नाही.’