छतातली कळी

डागडुजी केलेला तो जुना महाल उन्हाळ्यात लोकांना दाखवायचं काम बाईंकडे होतं. दारात रांग लावून घेताना, अगदी पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"पस्तीस वर्षं नेतो नेतो म्हणत आज आणलंत. आता छतातली तुमची फुलं कुठली, तेवढं सांगा."

"ओळखू आली तर माझं काम फसलं म्हणायचं. जुन्या गिलाव्यात नवा मिसळून गेला पाहिजे."

"एक तरी दाखवा की, अहो!"

"एक कळी आहे. खिडकीच्या वर."

"कळीच का?"

"फूलच करत होतो. पाकळ्या उघडणार, तेवढ्यात खालून हाक आली, मुलगी झाली. तसाच पळालो. परत येईतो गिलावा वाळला."

"आणि मला म्हणालात, काम उरकून आलो!"

"कामावरच्या साहेबांनी तशीच राहू दिली. पण आत गप्प राहा हं. बोभाटा नको."

"मी कशाला बोलतेय?"

दिवाणखान्यात सगळ्यांच्या माना वर झाल्या. ती एकुलती एक कळी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या मूळ कारागिराची खूण, असं बाई रोज सांगायच्या. आज त्या घुटमळल्या.

"ही कळी करताना कारागिराला मुलगी झाल्याचा निरोप आला, म्हणून फूल अर्धंच राहिलं."

"इतकं जुनं तुम्हाला कसं ठाऊक?" कुणीतरी विचारलं.

म्हातारा छताकडेच बघत राहिला.

"चांगली सात पौंडांची होती!" आजी म्हणाल्या.